आत्यानं ओळख दाखवली नाही

चपला दाराबाहेर काढून मी केबिनमध्ये शिरले आणि माझी पहिली मुलाखत तिथंच संपली. साहेब माझ्या अनवाणी पायांकडे बघून हसले. शेजारच्याला म्हणाले, "हिला पूजेला बोलावलंय असं वाटलं." मग मला म्हणाले, "झाडू मारायचं काम हवं असेल तर गेटवर विचार."

मी बी.कॉम. झालेली. त्यांनी माझी फाईल उघडलीसुद्धा नाही.

आमच्या पाड्यावर हे कुणी शिकवत नाही, तरी सगळ्यांना येतं. जमीनवाल्याच्या ओट्याशी चपला काढायच्या, तलाठ्याच्या दाराशी काढायच्या. त्या दिवशी मला साहेबांचा राग आला नाही. स्वतःच्या पायांचा आला. तिथंच माझं चुकलं.

टेमघरच्या एक निवृत्त शिक्षिका मला कॉलेजपासून ओळखत. त्यांनी तयारी करून घेतली. कसं बसायचं, हात कुठे ठेवायचे, हाय-न्हाय सोडून आहे-नाही कसं म्हणायचं. मनापासून शिकवलं, हे खरं. माझा चहाचा कप वेगळ्या फळीवर असायचा, हेही खरं. एकदा म्हणाल्या, "पाडा म्हणू नकोस. भिवंडीत राहते म्हण. त्या लोकांतली आता तू नाहीस."

मला ते ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला सांगू.

दुसरी मुलाखत वडप्याच्या एका गोदामात होती. पॅकिंगच्या सुपरवायझरची जागा. माझी आत्या त्याच गोदामात साफसफाईला आहे. ती दुपारपाळीला असते, म्हणून मी सकाळची वेळ मागून घेतली होती. चपला घालून आत गेले, खुर्चीवर ताठ बसले, भिवंडीत राहते म्हणाले, सगळं जमत होतं. मग मॅनेजर म्हणाले, "इथं मजूर पाड्यावरचे आहेत. डोक्यानं जरा कमीच. सांभाळता येतील?"

त्याच वेळी दार उघडलं. आत्या पाणी घेऊन आली. तिची पाळी बदलली होती, मला माहीत नव्हतं.

मी म्हणाले, "हो सर. त्यांना सारखं सांगावं लागतं. कडक राहिलं की करतात."

आत्यानं माझ्यापुढं ग्लास ठेवला आणि बाहेर गेली. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मॅनेजर खूश. नोकरी पक्की झाली.

संध्याकाळी घरात आनंद होता. मी आत्याला एकटीला गाठलं. तिनं चार शिव्या घालाव्यात असं फार वाटत होतं.

ती म्हणाली, "मी मुद्दाम वळख दावली न्हाय. दावली असती तं तुला घेतला असता का त्यानं?"

एवढंच बोलली आणि भाकऱ्या थापायला बसली. ज्या बाईला मी बिनडोक ठरवून आले, ती त्या खोलीत माझी नोकरी सांभाळत उभी होती. मला माझी लाज वाटली. अजून वाटते.

कामाच्या पहिल्या दिवशी मॅनेजरनं सगळ्यांना गोळा केलं. माझ्याकडे हात करून म्हणाले, "या शहरातल्या आहेत. यांच्यापुढे तुमची नाटकं चालणार नाहीत." बायकांनी माना खाली घातल्या. मागं आत्या, तीही खाली बघत.

मी म्हणाले, "सर, मी शहरातली नाही. यांच्याच पाड्यावरची आहे. मागं उभी आहे ती माझी सख्खी आत्या. ही माणसं डोक्यानं कमी नाहीत. मुलाखतीत मी तुमच्या होला हो केलं, नोकरीसाठी."

आत्याच्या तोंडावर भीती होती. तिची नोकरी मी तिला न विचारता पणाला लावली, हा गुन्हाही माझाच. तो मी कुणावर ढकलणार नाही.

मॅनेजर म्हणाले, "केबिनमध्ये या."

गेले. बसा म्हणाले नाहीत, तरी बसले. नोकरी मला हवी आहे. घरात पहिली खुर्चीवरची नोकरी आहे ती, सोडून द्यायला मी आलेली नाही. पण माझ्या माणसांना बिनडोक म्हणून मिळालेली खुर्ची मी चालवून घेणार नाही.

मी म्हणाले, "सर, पाड्यावरची माणसं सांभाळता येतील का, हा मुलाखतीतला प्रश्न परत विचारा. त्याचं उत्तर मी आज देते. मग ठेवायचं की काढायचं ते ठरवा. आत्याला मात्र हात लावायचा नाही."