मंदाचा उजवा हात

आमची बटालियन काश्मीरला जायची होती. त्याआधी सगळ्यांना पाळीपाळीनं रजा मिळाली. मी हवालदार, गाव सुलतानपूर, तालुका लोणार. माझ्यासोबत मलकापूर स्टेशनवर नायक नासीर उतरला. तो धामणगाव बढ्याचा, आमच्या एमआय रूमचा, म्हणजे पलटणीच्या दवाखान्याचा नर्सिंग असिस्टंट. त्याला सगळे एनए म्हणायचे, मला तो उस्ताद म्हणायचा. एकाच जिल्ह्याचे म्हणून आमची गट्टी. मी त्याला घरी जेवायला बोलावलं आणि गडी एसट्या बदलत खरंच आला.

ती बीटी कापसाची वर्षं. बियाणं महाग, पाऊस लहरी, भाव पडलेला. आज चढेल, उद्या चढेल म्हणून कोणी माल विकत नव्हतं. आमचीही पुढची खोली छतापर्यंत कापसानं भरलेली. ठिणगीचं भ्या, म्हणून चूल अंगणात मांडली होती. माझी बायको मंदा पाहुण्यासाठी पुऱ्या तळत होती. चुलीची वीट सरकली, कढई कलली आणि तेलाचा ओघळ तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर आणि मनगटावर आला.

आमची माय धावत खोलीत गेली आणि ओंजळभर कापूस घेऊन आली. आमच्या भागात कापलं, खरचटलं, भाजलं, की हात कापसाकडंच जातो.

"कापूस नको, माय!" नासीर ओरडला. "चिकटते तो. मंग कातडीसंगच निंगते. उस्ताद, पाणी! वरून धार धरा, थांबू नका."

मी तांब्यावर तांब्या ओतत राहिलो. परेडवर माझा आवाज अख्ख्या मैदानाला ऐकू जायचा. इथं मात्र हुकूम नासीरचा चालला होता. शेजारच्या बायका घागरी आणून देत होत्या.

मंदाचं मनगट सुजायला लागलं. हातात हिरव्या बांगड्या होत्या, नवरा रजेवर येणार म्हणून नव्या भरलेल्या.

"या काढा लागते," नासीर म्हणाला. "सूज चढली का रुततीन."

शेजारच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या.

"नवरा सरहद्दीवर चालला अन् मी हिचा हात रिकामा करू?" माय म्हणाली. "जमत नाही."

मंदानं हात छातीशी धरला. "दुखू द्या मले. मी नाही काढत."

नासीरनं माझ्याकडं पाहिलं. "उस्ताद, ऑर्डर द्या ना."

मी कसली ऑर्डर देतो! त्या घरात माझी ऑर्डर कधी चालली होती?

मग तो मंदासमोर उकिडवा बसला. "वहिनी, मी मणियाराचा पोरगा हाये. माही अम्मी गावोगाव बांगड्या भरते. एकबी फुटू देत नाही. डाव्या हातातल्या राहू द्या. हात बरा झाला का याच भरा. फुटली एखादी, तर मले उपाशी हाकला."

मंदा रडता रडता हसली आणि तिनं हात पुढं केला. नासीरनं किराण्याची कोरी प्लास्टिकची पिशवी अलगद त्या हातावर चढवली, वरून साबणाचं पाणी सोडलं, अंगठा तळव्यात दुमडला. एकेक बांगडी पिशवीवरून घसरत बाहेर आली. माय खाली ताट धरून बसली होती. ताटात सगळ्या बांगड्या अख्ख्या आल्या. मी बंदुका उघडणारे हात पुष्कळ पाहिलेत, पण असा हात नाही पाहिला बाप्पा!

त्यानंच तिला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, न चिकटणारी मलमाची जाळी दिली. नासीर आपली रजा खर्ची घालून आमच्याकडंच राहिला. रोज साबणानं हात धुवायचा, जाळी बदलायचा, पट्टी सैल बांधायचा. हात उशीवर उंच ठेवायला लावायचा आणि बोटं हलवून घ्यायचा.

हातावर फोड आले, तेव्हा माय सुई घेऊन आली.

"फोडू नका," तो म्हणाला. "हे देवानं बांधलेलं बँडेज हाये."

काही दिवसांनी फोड आपोआप बसले. पापुद्रा सुटला आणि खाली गुलाबी कातडी दिसली. मी पाहतच राहिलो. ना आवाज, ना गडबड, आणि केवढं काम झालेलं! मी निघालो त्या दिवशी मंदाच्या उजव्या हातात पुन्हा त्याच बांगड्या होत्या.

काश्मीरमध्ये एका सकाळी आमच्या पेट्रोलवर, म्हणजे गस्तीच्या तुकडीवर, फायर आला. मी पोस्टवर रेडिओपाशी होतो.

"एक जवान जखमी. ओव्हर."

"एनए कुठं आहे? ओव्हर."

"एनए त्याच्याकडं गेलाय. ओव्हर."

थोड्या वेळानं मी पुन्हा विचारलं. उत्तर उशिरा आलं. "जवान ठीक. पट्टी बांधलेली आहे. एनएला गोळी लागली, गेला. ओव्हर."

मी हेडसेट शेजारच्या जवानाकडं दिला. निरोप मिळाल्याचं 'रॉजर' त्यानं म्हटलं.

पुढच्या रजेत मी मंदाला घेऊन धामणगाव बढ्याला गेलो. नासीरची अम्मी ओट्यावर बसली होती, शेजारी बांगड्यांची पेटी, झाकलेली.

"फोनवर सांगे तो," ती म्हणाली. "अम्मी, एकबी फुटली नाही, म्हणे."

तिनं मंदाचे दोन्ही हात हातात घेतले. बांगड्या भरताना चाचपतात तसे अंगठ्यानं चाचपले, पालथे केले, उजेडात धरले. बराच वेळ ती आपल्या लेकाची खूण शोधत होती, पण भाजल्याचा डाग कुठंच उरला नव्हता.

"कोणता हात, बेटी?" तिनं विचारलं.

मंदानं उजवा हात तिच्या मांडीवर ठेवला.