पेन्सिलीच्या रेघेइतकी उंची

आंबवड्याच्या कुंडलिक तात्यांनी चाळीस वर्षं गवंडीकाम केलं आणि चाळीस वर्षांत त्यांची एकही भिंत पडली नाही. काही तिरक्या आहेत. ते तात्या स्वतःच सांगतात, आणि लगेच म्हणतात, "सूतभर इकडं-तिकडं चालायचंच. प्लास्टरमधी निघून जातंय." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आंबवड्यापासून भोरपर्यंत अशी किती सुतं निघून गेली, याची नोंद कुठेही नाही. त्या घरांतली माणसं मात्र शांत झोपतात.

देशात दशमान पद्धत येऊन साठ-पासष्ट वर्षं झाली. आमच्या तालुक्यातही ती आली, पण प्रत्येक घरी तिचं जाणं-येणं नाही. दूध लिटरने, कापड मीटरने, पाऊस मिलिमीटरने. वीट मात्र इंचाने, खोली फुटाने, आणि लग्नाची मुलगीसुद्धा फुटानेच.

तात्यांना याची अडचण कधी झाली नाही. नसरापूरजवळ एका बंगल्याच्या कामावर अभिषेक नावाचा नवा इंजिनिअर नकाशा घेऊन आला आणि म्हणाला, "तात्या, ही भिंत तीन हजार दोनशे मिलिमीटर."

तात्यांनी क्षणभर डोळे मिटले. "साडेधा फूट. मग तसं म्हना की साहेब. सकाळी सकाळी भ्या कशाला दावताय?"

अभिषेकने मोबाईलवर आकडे टाकले. साडेदहाच आले. तात्यांची युक्ती सोपी आहे: मीटर म्हणजे तीन-तीन-तीन. तीन फूट, तीन इंच, तीन सूत. चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाला याहून जास्त दशमान पद्धत लागत नाही.

ती लागली, ती नातीमुळे.

शेफाली दोन वर्षं पोलीस भरतीची तयारी करत होती. मुलींना उंची लागते एकशे पंचावन्न सेंटिमीटर. शेफालीची उंची घरात सर्वांना पाठ होती: पाच फूट एक इंच. तात्यांनीच मोजलेली. भोरला ई-सेवा केंद्रात ती फॉर्म भरायला गेली, तेव्हा तिथल्या बंडूने ड्रॉवरमधून शाळेची पट्टी काढली. तिच्या एका कडेला बारा इंच होते, दुसऱ्या कडेला तीस सेंटिमीटर.

"फूट म्हंजे तीस. पाच तिसं दीडशे, वर इंचाचे अडीच. साडेबावन्न." बंडूने पट्टी परत आत ठेवली. "न्हाई बसत, ताई. तलाठ्याचं बघा. तिथं उंची लागत न्हाई."

शेफाली घरी आली आणि जेवलीच नाही. गेल्या वर्षी भरती निघालीच नव्हती, आणि पुढच्या वर्षी निघेल असं कुणीच सांगत नव्हतं.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पट्टी मोजायला आसती व्हय? ती पोरांनी एकमेकास्नी मारायला आसती." त्यांनी टेप, काटकोनी गुण्या आणि ओळंबा काढला. तीन-तीन-तीन धरून पुढच्या खोलीच्या भिंतीवर एकशे पंचावन्नची खूण काढली आणि पेन्सिलीने आडवी रेघ मारली. मग शेफालीला टाचा टेकवून उभी केली, ओळंबा सोडून ती सरळ असल्याची खात्री केली, आणि खिडकीचा कोपरा धरावा तसा गुण्या तिच्या डोक्यावर टेकवला.

गुण्या रेघेच्या खालच्या कडेला लागला. उंची रेघेच्या वरच्या कडेला हवी होती. म्हणजे पोरगी कमी पडत होती ती रेघेच्या जाडीइतकी.

"मग रेघ बारीक मारायची हुती की," शेफालीची आई वनिता म्हणाली.

"रेघ बारीक मारल्यावर पोरगी वाढती व्हय?"

"तुमीच म्हंता ना, सूतभर चालतंय म्हनून?"

"पाव सूत बी न्हाई ह्ये," तात्या म्हणाले. मग बराच वेळ ते नातीच्या डोक्याकडे बघत राहिले. तिथे प्लास्टर करता येण्यासारखं नव्हतं.

फॉर्म भरला गेला. सरावाच्या मैदानावर येणाऱ्या पोरींकडून शेफालीला कळलं की माणूस सकाळी उठल्याउठल्या थोडा उंच असतो आणि दिवसभरात दबतो. तात्यांचा विश्वास बसेना. "भित सांजच्याला तेवढीच ऱ्हाती." तरी दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताच त्यांनी तिला भिंतीला लावली. रेघेच्या वर दोन सूत! पाणी भरून, धावून, भाकरी खाऊन आल्यावर पुन्हा मोजली. परत रेघेखाली. जी वस्तू दुपारपर्यंत आपलं माप टिकवत नाही, तिच्यावर सरकार भरती कशी करतं, एवढंच तात्यांनी विचारलं.

भरतीचं मैदान पुण्याला, हजेरी सकाळी सातला. एसटीत बसून गेली तर पोरगी चेलाडी फाट्यापर्यंतच दबणार. म्हणून तात्यांनी धनाजीचा टेम्पो ठरवला, त्यात तीन गाद्या टाकल्या आणि शेफालीला झोपेतून उठवताच चादरीसकट आडवी केली.

"जयभीम तात्या," धनाजी म्हणाला. "पेशंट हाय का?"

"उंची हाय. हळू चालीव."

नसरापूरला धनाजी चहाला थांबला. हॉटेलवाल्याने टेम्पोत डोकावून पाहिलं, टोपी काढली आणि हात जोडले. "कवा गेली?"

"अजून पोचायची हाय, काका," चादरीतून शेफाली म्हणाली. हॉटेलवाल्याच्या हातातली टोपी खाली पडली. ती हसत उठून बसू लागली, तसे तात्या ओरडले, "उठू नको! हसायचं बी आडवंच!"

मैदानाच्या फाटकापर्यंत ती आडवी गेली आणि तिथून आत चालत. तात्या बाहेर, ओळंबा खिशात घालून.

तासाभराने शेफाली पळतच बाहेर आली. "तात्या, एकशे पंचावन्न पॉइंट चार! बसली! पुढच्या आठवड्यात धावायचंय."

तात्यांनी डोळे मिटले. "रेघंच्या वर सूतभर," ते म्हणाले.

परत येताना ती एसटीत उभी राहून आली. संध्याकाळी घरात पेढे वाटून झाल्यावर तात्यांनी तिला पुन्हा भिंतीला लावलं. वनिता चिडली. "आता कशाला? झाली ना पास?"

गुण्या रेघेच्या खालच्या कडेला लागला.

तात्यांनी गुण्या खुंटीला अडकवला. सकाळी त्यांनी घमेल्यात मूठभर सिमेंट कालवलं, थापी घेतली आणि भिंतीवरची ती रेघ, तेवढीच, लिंपून टाकली.

"एवढ्याशा रेघंसाठी प्लास्टर?" वनिताने विचारलं.

"एवढ्यासाठीच तर आसतंय," तात्या म्हणाले, आणि थापी धुवायला परसात गेले.