माझ्या मागून येणारा डबा

नव्वदीच्या सुरुवातीला कॉलेजात असताना मी रोज सकाळी सातच्या एसटीने बारामतीला जायचो आणि माझा डबा अकराच्या एसटीने यायचा.

दोघेही एकाच घरातून निघायचो. (सबंध इंदापूर तालुक्यात असा प्रवास करणारी आमची एकमेव जोडी असावी.) मला वेड लागलं नव्हतं, मला मित्र हवे होते. सव्वापाचच्या गाडीसाठी तास अर्धवट टाकून पळणाऱ्या पोराशी मैत्री करतो कोण? खरी मैत्री व्हायची दुपारी, स्टँडवर. खोली करून राहणाऱ्या पोरांचे डबे गावाकडून एसटीने यायचे. सगळी टोळी तिथे वाट बघत उभी राहायची आणि डबे आले की एकत्र बसून सोडायची. ज्याचा डबा एसटीने येत नाही, त्याला त्या घोळक्यात जागाच नाही. म्हणजे घरी राहणं हा गुन्हा!

मग मीही खोली केल्याची थाप मारली आणि डबा मागून पाठवायला आईला सांगितलं.

"तू जातूस त्याच रस्त्यानं जायचाय न्हवं त्यो? मग संगं न्यायला काय हुतंय?"

"गरम राहतो," मी म्हणालो.

तीन महिने झकास गेले. टोळीचा म्होरक्या दिल्या मला शेजारी बसवून घ्यायचा आणि आमच्या आईच्या भरल्या वांग्याला 'आपलं वांगं' म्हणायचा. मी माझ्या खोलीचा गळका नळ आणि खडूस घरमालक यांच्याबद्दल इतक्या तक्रारी केल्या, की त्या नसलेल्या मालकाचा मला खरोखर राग येऊ लागला.

आणि एका दुपारी एसटीतून डब्याबरोबर आबा उतरले. माझे वडील! कंडक्टरने त्यांना सांगितलं होतं, तुमचं पोरगं रोज डबा विसरतं. (त्याला कोणी विचारलं होतं?) गरम डब्याची गोष्ट आईने त्यांच्या कानावर घातलीच नव्हती, त्यामुळे पोराच्या डोक्यावर परिणाम झाला, असं आबांनी धरलं. त्यांनी सगळ्या टोळीदेखत माझ्या हातावर बदामाची पुडी ठेवली.

"रोज चार खायाचे. आन सांजच्याला येळंवर घरी ये, म्हशीला डॉक्टर यायचा हाय."

मी डोळ्यांनी खुणावू लागलो.

"डोळ्याला बी काय झालं काय रं?"

दिल्याने हळूच विचारलं, "आबा, ह्यो रोज घरी येतो?"

"मग कुठं जाईल? आईबिगर एक रात काढली न्हाय त्यानं अजून."

संपलं. आता ही पोरं माझं तोंड बघणार नाहीत, म्हणून मी मान खाली घातली. पण दिल्या भडकला होता तो वेगळ्याच कारणाने.

"म्हंजी तुला ही वांगी रोज ताजी मिळत्यात? आन आमाला सांगितलं न्हाईस?"

रविवारी सहाजण आमच्या दारात हजर. पुढच्या रविवारीही. आईने मला पाणी वाढायला लावलं आणि त्यांना आग्रह करकरून जेवायला घातलं. एका रविवारी मी मामाकडे होतो. तरी पोरं आली, जेवली, गेली. मी कुठे आहे, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही!

दिल्याचा आजही फोन येतो. मी उचलतो, माझी खुशाली सांगायला तोंड उघडतो.

"ते ऱ्हाऊ दे," तो म्हणतो. "आईला दे."