वाळूतला लेपा

आमच्या गिरगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक शिपाईमामा आहेत. बोलणं मोजकंच, तेही सुस्कारा टाकून. एकदा एका कोळ्याने जिवंत लेपा आणून दिला. हा चपटा मासा तळाच्या वाळूत अंग पुरून राहतो. प्रयोगशाळा बघायला येणाऱ्या पाहुण्यांना तो नीट दिसावा म्हणून आमच्या विभागप्रमुख साहेबांनी त्याच्या काचेच्या टाकीतली वाळू काढायला लावली. उघड्या काचेवर लेपा दिवसभर अंग घासत राहिला. संध्याकाळी पाहुणे आले आणि त्यांच्यासमोरच मामांनी बादलीतली वाळू हळूहळू पुन्हा टाकीत सोडली. लेप्याने अंग थरथरवलं आणि तो दिसेनासा झाला.

"मामा, आता यांना काय दाखवू?" साहेब चिडले.

"दमलाय तो, सायेब," मामा म्हणाले आणि रिकामी बादली घेऊन सावकाश जिना उतरू लागले.