ताई फोन जोडून बाजूला होते

माझ्या थोरल्या बहिणीने एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. परगावचे फोन जोडून देणं हे तिचं काम. कानाला हेडफोन, समोर छिद्रांची मोठी पाटी, हातात दोरीला लावलेली पिन. इकडचा माणूस आला, तिकडचा माणूस आला, की ताई म्हणायची, "बोला," आणि खटका दाबून आपला कान काढून घ्यायची. तिचं ते 'बोला' असं असायचं, की ऐकणाऱ्याला वाटावं, आता मनातलं सगळं बोलूनच टाकावं.

आजवर मी अर्जांपलीकडे फारसं काही लिहिलेलं नाही. तेव्हा जे घडलं ते सरळ सांगतो.

ताईची मुलगी, म्हणजे माझी भाची, सात महिन्यांपूर्वी नोकरीसाठी दूर देशी गेली. निघण्याआधी तिने आमच्या फोनवर एक अ‍ॅप घातलं आणि चौघांचा ग्रुप केला : ती, तिचा भाऊ, ताई आणि मी.

"आई, ही लिहायची खोली आणि ही बोलायची. हिच्यावर बोट ठेवलं की तू आत. हा माइक, तो लाल झाला म्हणजे तुझा आवाज बंद. दर रविवारी सकाळी दहाला सगळ्यांनी यायचं."

मी वहीत चित्र काढून घेतलं, तरी पहिल्या रविवारी वीस मिनिटं लिहायच्या खोलीत "हॅलो, हॅलो" करत बसलो. ताई मात्र एका झटक्यात शिकली. हेडफोनसुद्धा घेऊन आली. "यंत्र तेच रे," म्हणाली, "फक्त दोऱ्या गेल्या."

रविवारी सगळ्यांच्या आधी ताई हजर. एकेक जण आला की ती पुकारायची. "मुलगी आली. मुलगा आला. मामा, माइक उघडा. हं, बोला." आणि 'टुक्' असा आवाज होऊन तिचं नाव यादीतून नाहीसं व्हायचं.

"आईची ड्यूटी संपली," भाचा म्हणायचा आणि आम्ही हसायचो. पण असे बरेच रविवार गेल्यावर भाचीने मला एकट्याला लिहिलं : 'मामा, आई माझ्यावर रागावलीय का? मी निघाले तेव्हाही धड बोलली नव्हती. या रविवारीसुद्धा थांबली नाही, तर ती खोली मी बंद करून टाकते. तिला नको असेल तर जबरदस्ती कशाला?'

ताई माझ्या वरच्याच मजल्यावर राहते. मी वर गेलो. ती मटार सोलत बसली होती.

"ताई, तू रविवारी लगेच निघून का जातेस?"

"तुमचं बोलणं सुरू झालं ना? मग माझं काय काम तिथे?"

"ऐकायचं."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. "ऐकायचं? शहाणाच आहेस."

मग तिने सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाईचा मुलगा परगावच्या इस्पितळात होता. फोन जोडून दिला, पण ताईचा हात खटक्याकडे गेलाच नाही. डॉक्टरांनी त्या बाईला जे सांगितलं ते तिने सगळं ऐकलं आणि तिथेच पाटीवर डोकं ठेवून रडली. मागे सुपरवायझर बाई उभ्या होत्या. त्यांनी सगळ्या मुलींसमोर तिला उभं केलं. "दुसऱ्याच्या घरात शिरलीस तू," म्हणाल्या. इतक्या वर्षांत ताईने हे मला कधी सांगितलं नव्हतं.

"अगं, पण ही तुझीच मुलं ना?"

"म्हणून काय झालं? भावाबहिणीला आपसात शंभर गोष्टी बोलायच्या असतात."

कुणाला पटवून देणं मला कधीच जमलेलं नाही. मी फोन काढला आणि भाचीने लिहिलेलं तिच्यापुढे धरलं. तिने दोनदा वाचलं.

"रागावलीय? मी?"

एवढंच म्हणून ती पुन्हा सोलायला लागली. दाणे कचऱ्यात आणि सालं पातेल्यात टाकत होती. मी गुपचूप खाली आलो.

रविवारी दहा वाजले. "मुलगी आली. मुलगा आला. मामा आले. बोला."

आम्ही तिघेही त्या 'टुक्'ची वाट पाहत होतो. तो आला नाही. ताईचं नाव यादीत तसंच होतं.

"आई?" भाची हळूच म्हणाली. "आहेस?"

"आहे."

"मग बोल ना काहीतरी."

"काय बोलू गं? या बाजूला मी कधी बसलेच नाही."

"चार शिव्या घाल तिला," भाचा म्हणाला. "आपोआप सुचेल पुढचं."

"तू गप रे!" ताई म्हणाली. मग मुलीला विचारलं, "तुझ्या खोलीला खिडकी आहे का गं?"

"आहे की. चांगली मोठी आहे. समोरच्या इमारतीतले लोक सरळ आत बघतात."

"अगंबाई! मग पडदा?"

"चादर टांगलीय. पिना लावून."

"सात महिने चादर? माप घे. आत्ताच्या आत्ता. लांबी, रुंदी, दोन्ही. मी शिवून पाठवते."

"आई, इथे विकत मिळतात पडदे."

"मिळतात, तर चादर का टांगलीस?"

भाची हसली. मग नाक ओढल्याचा आवाज आला. माइक बंद करायचं तिच्या लक्षात नसावं. टेप शोधते म्हणून ती उठली, आणि खण उघडल्या-मिटल्याचे आवाज येत राहिले.

"सापडत नाहीये, आई."

"खालच्या खणात बघ," ताई म्हणाली. ते घर तिने कधी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण इतक्या खात्रीने म्हणाली, की भाचीने निमूटपणे खालचा खण ओढला.