आत्याचा कर्नेल

माझी आत्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सहायक आहे. निवृत्तीला चार महिने उरले असताना तिने लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, स्वतः कंपाईल करायला, म्हणजे मूळ कोडपासून बांधायला घेतला. पण व्हर्च्युअल मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या खोट्या कॉम्प्युटरवर, तो चढवला, की दर वेळी मशीन एकच रडगाणं गायचं: डिस्क सापडत नाही.

"तयार कर्नेल टाका आणि मोकळ्या व्हा," लॅबचे साहेब म्हणाले. "या वयात नसती उठाठेव कशाला?"

"मशीनने अजून माझं वय विचारलेलं नाही," आत्या म्हणाली आणि त्यांच्याकडे पाठ करून बसली.

सतरा वेळा तिने तो पुन्हा कंपाईल केला. मग एकदम कपाळावर हात मारला. कर्नेल हलका व्हावा म्हणून तिने टेबलावरच्या खऱ्या कॉम्प्युटरला न लागणारे सगळे ड्रायव्हर, म्हणजे एकेक भाग ओळखून चालवणारे छोटे प्रोग्रॅम, काढून टाकले होते. व्हर्च्युअल मशीनची डिस्क मात्र खोटी असते आणि तिचा ड्रायव्हर वेगळा असतो. नेमका तोच कचऱ्यात गेला होता.

तो परत घातल्यावर मशीन मुकाट्याने सुरू झालं. साहेब खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"कोणाची मदत घेतलीत?"

"सतरा वेळा चुकले, तेव्हा नाही विचारलंत," आत्या म्हणाली, "कोणाच्या मदतीने चुकताय म्हणून."