तेहतीसवर अडकलेली तस्बीह

बेडोक वस्तीतल्या रोकिया मकचिकची टॅक्सी दोन गोष्टींसाठी ओळखली जायची: तिचं नाक आणि तिचं तोंड. मकचिक म्हणजे मावशी, आणि ती साऱ्या गिऱ्हाइकांची मावशी होती. मागच्या सीटवर कुणी खिशातून वेप, म्हणजे विजेवरची सिगारेट, नुसतं बाहेर काढलं, तरी तिच्या नाकाला कळायचं. मग तोंड सुरू.

"बाळा, या देशात ते खिशात ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. तू धूर सोडणार, माझी काच पांढरी होणार, शेजारचा मोटरसायकलवाला मला दिसणार नाही, आणि आत कोण जाणार? मी! उतर बघू."

एकोणीस वर्षांत तिच्या गाडीत कुणी झुरका मारला नव्हता, असं ती छाती पुढे काढून सांगे. पुढच्या महिन्यात टॅक्सीचा परवाना नवा करून घ्यायचा होता. त्यावर एकही डाग नव्हता.

त्या सकाळी टाय लावलेला एक गृहस्थ बसला. डोळे मिटलेले, मूठ ओठांशी, ओठ हलताहेत. आरशात बघून मकचिकला भरूनच आलं. कामावर जाता जाता जप करतोय, केवढं भाग्य त्याच्या आईचं! तिने रेडिओ बंद केला. आंब्याचा वास दरवळला. अत्तर झकास आहे, ती मनात म्हणाली. मागची काच धुरकट झाली, तेव्हा तिने एसीला चार शिव्या घातल्या. तेवढ्यात बाजूने एका मोटरसायकलवाल्याने कर्कश हॉर्न दिला. तो तिला दिसलाच नव्हता.

गृहस्थ उतरला आणि सीटवर राहिलं एक बोटभर हिरवं यंत्र. त्यावर इवलासा पडदा, पडद्यावर आकडा: ३३.

झालं! मकचिककडे घरी अशीच विजेवरची तस्बीह होती, जप मोजायची. तेहतीसदा देवाचं नाव घेतलं की एक फेरी पुरी. बिचारा फेरी पुरी करून विसरून गेला! तिने लगेच टॅक्सी कंपनीच्या ऑफिसात फोन लावला.

"काय सापडलं म्हणून लिहू?" तिथल्या मिस चिउने विचारलं.

"तस्बीह लिही. हिरवी. तेहतीसवर आहे."

मग प्रत्येक सिग्नलला ती ते यंत्र अंगठ्याने दाबत राहिली. आकडा हलेना. अडकली वाटतं, म्हणून तिला हळहळ वाटली. पण हाताला चाळा लागला होता. मोजणी मनात ठेवून तिने जप सुरूच ठेवला.

दुपारी पोलीस गाड्या थांबवून तपासत होते. तवमणी नावाचा अधिकारी खिडकीशी वाकला आणि तिच्या मुठीकडे बघतच राहिला.

"मकचिक, हे काय?"

"तस्बीह. बिघडलीय रे. तेहतीसच्या पुढे जाईना."

"जाणार कशी? ते चार्जिंग आहे. तेहतीस टक्के उरलंय. हे वेप आहे, मकचिक."

"चल! तुला काय कळतंय तस्बीहमधलं?"

त्याने ते तिच्या नाकाखाली धरलं. आंबा! मकचिकचा चेहरा पडला.

"अरे देवा! सकाळपासून यावर मी दोनशेदा तुझं नाव घेतलं!" मग आवाज खोल गेला. "परवाना जाणार का रे माझा?"

"तुमच्या हातात सापडलंय. तुमचं नाही हे मी कशावरून मानू?"

इतक्यात फोन वाजला. स्पीकरवर सकाळच्या त्या गृहस्थाचा आवाज.

"मकचिक? ऑफिसातून नंबर मिळाला. माझी ती... अं... तस्बीह तुमच्याकडे आहे ना?"

तवमणीने ओठांवर बोट ठेवलं. मकचिकच्या आवाजात मध आला. "आहे ना बाळा. पण तुझीच कशावरून?"

"हिरवी आहे. तेहतीसवर आहे. आंब्याची—"

"आंब्याची?"

"आंब्याच्या... लाकडाची."

तवमणीने तोंडात रुमाल कोंबला.

"तुझीच ती! माझा भाचा घेऊन येतोय हो. पत्ता सांग."

त्याने पत्ता सांगितला, मजला सांगितला, वर "देव तुमचं भलं करो" म्हणाला. भाचा झालेल्या तवमणीला हसू आवरेना, लिहिता येईना. शेवटी मकचिकनेच पत्ता लिहून दिला. मग त्याने मिस चिउला फोन केला. सकाळी पावणेनऊची नोंद वहीत होती.

"सुटलात," तो डोळे पुसत म्हणाला. "पण काच धुरकटली तेव्हाच गाडी बाजूला का नाही घेतली?"

मकचिकने मागची काच खाली केली.

परवाना नवा झाला, डागाशिवाय. आता मागे कुणी डोळे मिटून ओठ हलवू लागलं, की ती आधी काच खाली करते आणि म्हणते, "मोठ्याने म्हण बाळा, मलाही ऐकू दे."